मणीची गोगलगाय

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिथं तिकीट काढून आलेल्यांना कुणी फिरकू देत नाही, तिथल्या एका लांबलचक खोलीत साऱ्या जीवसृष्टीची वाटणी करून ठेवलेली होती. दारातून आत शिरलं की पहिलं कपाट एका पेशीच्या जीवांचं. ते बिचारे काचपट्ट्यांवर डाग होऊन पडलेले. मग स्पंज, म्हणजे ज्यांच्या पेशी एकत्र राहतात पण कुणी कुणाचं ऐकत नाही असलं कुटुंब. मग कृमी, मग शंखशिंपल्यांची कपाटांमागून कपाटं, आणि असं करत करत पार टोकाला, खिडकीपाशी, एका माकडाचा सांगाडा. सांगाड्याच्या पुढं एक खुर्ची होती आणि तिच्यावर सर बसायचे. क्रम अगदी बरोबर लागलाय, असं काकू म्हणायच्या.

सर म्हणजे या खोलीचे जुने प्रमुख. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी रोज यायचे. काकू म्हणजे त्यांची बायको. भिंगाखाली ठेवलेल्या किड्याचं, शंखाचं, खेकड्याच्या नांगीचं शाईनं ठिपके देत देत चित्र काढायचं, हा काकूंचा पेशा. सरांनी आयुष्यात जे काही छापलं त्यातली सगळी चित्रं त्यांचीच. लग्नही त्यातूनच जमलं. "हिनं नांगी इतकी चोख काढली की मला नाही म्हणता येईना," असं सर सांगत. "मला वाटलं, ज्याला खेकड्यात एवढं दिसतं त्याला माझ्यातही काहीतरी दिसेल. कसलं काय!" काकू म्हणत.

आता सरांना ना खेकडा दिसत होता ना काकू. डोळ्यांचे पडदे गेले होते. पण दोघांनी त्यावर एक तोड काढली होती. काकू भिंगातून बघत आणि बघितलेलं बोलत. सर मान खाली घालून ऐकत.

"शंखाला वेढे किती?"

"पाच."

"तोंड?"

"तिरकं. अर्ध्या चंद्रासारखं."

"ओठ?"

गोगलगायीची वाढ पुरी झाली की शंखाच्या तोंडाची कड जाड होते आणि बाहेर वळते. त्या कडेला या खोलीत ओठ म्हणत. ओठाचं ऐकून झालं की सर आधी कूळ सांगत, मग प्रजाती. बहुधा बरोबर असायचं. चुकलंच तर काकूंनी नीट सांगितलं नाही म्हणून मोकळे व्हायचे. काकूंनी काढलेलं चित्र सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हा दोघांचा जुना नियम. नजर गेली, नियम राहिला.

शंखांच्या तिसऱ्या कपाटात, वरच्या खणात, बोटाएवढी एक काचेची कुपी होती. आत स्पिरिटमध्ये मण्याएवढी गोगलगाय आणि बाहेर लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठी म्हणजे हा मूळ नमुना, याच्यावरून एका प्रजातीला पहिल्यांदा नाव मिळालं. नाव सरांनी दिलं होतं, मुलीचं. मणीच्या नावाला एक लॅटिन शेपूट जोडलेलं. ही गोगलगाय मणीनंच शोधली होती. त्यानंतर ती कुणालाही, कुठंही सापडली नाही, आणि सरांना त्याचा अभिमान होता.

मणी नऊ वर्षांची होऊन गेली. तिचे कपडे, दप्तर, तिची सायकल, सगळं कधीच देऊन टाकलं होतं. भिंतीवर तिचा फोटो नव्हता, काकूंना तो सोसला नसता. मागं उरलं ते हे एवढं नाव. माणूस जातं, घराणं बुडतं, पण छापलेलं प्रजातीचं नाव जगात जिथं जिथं गोगलगायींचा अभ्यास होतो तिथं तिथं राहतं, असं सर म्हणायचे. रोज घरी निघताना ते कपाटं चाचपत त्या खणापाशी यायचे आणि त्यावर हात ठेवून जरा वेळ उभे राहायचे. हृदय थकलंय, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन बजावलं होतं. सरांच्या कानावर घालण्यासारखं आता राहिलंय काय, असं तेव्हा काकूंना वाटलं होतं.

एका दुपारी चिमटा घरी आली. ही सरांची शेवटची विद्यार्थिनी, आणि आता त्या खोलीची प्रमुख. अंबाड्यात कायम एक बारीक चिमटा खोचलेला, म्हणून सरांनीच हे नाव पाडलं होतं. हातात झाकणाची काचपेटी होती आणि चेहरा उतरलेला.

"सर कुठंयत, काकू?"

"दाढी करायला. शेजारचे घेऊन गेलेत. का गं, तोंड का असं सुतकी?"

चिमटानं पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. आत ओली माती, कोबीची पानं आणि लहानमोठ्या गोगलगायी. मोठ्या होत्या त्या अंगठ्याएवढ्या, तपकिरी, पांढऱ्या जाड ओठाच्या. काकूंनी एका नजरेत ओळखल्या. परसातल्या भिंतीवरच्या त्या मेल्या! काकूंच्या कोबीचा त्यांनी कायम फडशा पाडलेला. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मिठाचा एक डबा ठेवलेलाच असायचा. चिमूटभर मीठ टाकलं की फेस येतो आणि काम संपतं.

"ही घाण माझ्या टेबलावर कशाला?"

"मी वाढवल्यात, काकू. अंड्यातून." चिमटा उभीच होती. "मधे एक दिवस असा येतो की त्या मण्याएवढ्या असतात. फिकट. पट्टा एकच, वरच्या अंगाला. ओठ नाही. अशी एक बघितली आणि मला आपल्या कुपीची आठवण झाली. मी तिसऱ्या कपाटातली कुपी काढली आणि शेजारी ठेवून ताडून पाहिलं. परत परत पाहिलं."

काकू पेटीवर वाकून सगळ्यात लहान गोगलगाय शोधू लागल्या.

"मणीची गोगलगाय वेगळी नाहीये. ती हिचंच पिल्लू आहे. वाढ पुरी व्हायच्या आत स्पिरिटमध्ये टाकलेलं."

हे जीवांना नावं देणारे लोक सख्ख्या मावशीला रस्त्यात ओळखणार नाहीत, पण त्यांचा नियम मात्र पक्का. एका जीवाला एक नाव, आणि जे आधीचं तेच खरं. भिंतीवरच्या गोगलगायीला शंभर वर्षांपूर्वी कुणी दाढीवाला नाव देऊन गेला होता. मणीचं नाव त्यात विलीन होणार. मोठ्या याद्यांमध्ये बारीक अक्षरात, रद्द नावांच्या रांगेत, ते राहील तेवढंच.

"तू कुणाला बोललीस?"

"नाही. पण बाहेरच्या एका गटाच्याही हे लक्षात आलंय. त्यांचं छापून येईल, फार तर वर्षभरात. ते सरांना फाडून खातील, काकू. पोरांना शिकवताना उदाहरण देतील, बघा, असं करू नये म्हणून. त्यापेक्षा आपणच छापलं तर..." ती अडखळली. "वाढीचे सगळे टप्पे दाखवायचेत. चित्रं तुमच्याखेरीज कोण काढणार? पण तुम्ही नको म्हणालात तर मी सर असेपर्यंत थांबते. ते लोक काय करायचं ते करोत."

"म्हणजे मी त्यांच्या मरणाची वाट बघत बसू?" काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पेटी राहू दे. तू जा. ते येतील एवढ्यात."

चिमटा गेली आणि काकू टेबलाशी बसून राहिल्या. त्यांना साबणाची डबी आठवली. शाळेमागच्या ओल्या भिंतीवर सापडलेली गोगलगाय मणीनं त्या डबीतून आणली होती, पान घालून, झाकणाला भोकं पाडून. सरांनी ती भिंगाखाली धरली आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी लगेच कुपी मागवली.

"नको ना बाबा," मणी म्हणाली, "ही लहान आहे अजून. राहू दे ना. मोठी झाली की मग घ्या."

"अगं वेडे, ही पूर्ण वाढलेलीच आहे. काही प्रजाती असतातच एवढ्याशा."

"नाहीये पूर्ण. मला माहितीये. मी रोज बघते त्यांना."

सर हसले. ओट्यापाशी काकू उभ्या होत्या, त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "गप्प बस गं, बाबांना कळतं." गोगलगाय स्पिरिटमध्ये गेली. त्या दिवशी मणी जेवली नाही, आणि बापाशी दोन दिवस बोलली नाही. त्यांचं आयुष्यातलं एवढंच एक भांडण.

पुढं मणीला ताप येऊ लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रक्ताची काचपट्टी सरांनी हट्टानं स्वतः बघितली. भिंगाला डोळा लावला आणि दुसऱ्या क्षणी म्हणाले, "सगळ्या कोवळ्या आहेत." पांढऱ्या पेशी पिकायच्या आधीच रक्तात उतरत होत्या. मोठ्या होत नव्हत्या, कामाला येत नव्हत्या, नुसती गर्दी करत होत्या, आणि त्या गर्दीत कामाच्या पेशींना जागा उरत नव्हती. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. झाडांना नवी पालवी यायच्या आत मणी गेली.

त्यानंतर सर अंथरुणावरून उठले ते ती कुपी घेऊनच. काकूंपुढं ठेवून म्हणाले, "काढ." काकूंनी काढली. डोळ्यांत पाणी साचायचं, पुसायचं आणि पुढचा ठिपका द्यायचा. सरांनी एका बैठकीत वर्णन लिहिलं. ज्यांनी ते तपासायचं होतं ती सगळी ओळखीची माणसं. कोणी कुपी मागवली नाही, कोणी ओठाचं विचारलं नाही. पोर गेलेल्या बापाला कोण विचारणार? सगळ्यांनी दयेपोटी डोळेझाक केली, आणि पिल्लाची प्रजाती झाली.

काकूंनी चित्रं काढायला घेतली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून सरांना कळण्यापेक्षा घरातून कळलेलं बरं, असं त्या स्वतःला सांगत होत्या. पण कधी आणि कसं सांगायचं, ते काही त्यांना सुचत नव्हतं. निदान हा एक चित्रांचा तक्ता सरांपुढं बोलायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. नियम मोडला तर मोडला.

पण आंधळ्या माणसापासून आवाज कसा लपवणार? टाकाची टकटक सरांना अंगणातून ऐकू यायची.

"काय काढतेस?"

"चिमटाच्या गोगलगायी."

"मग बोल की. मला का वगळलंस?"

काकूंनी सगळ्यात मोठीपासून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यालाच सरांनी मांडीवर थाप मारली. "अगं ही तर आपली भिंतीवरची चोरटी! हिचं काय काढायचं? पुढची घे."

पुढची घेतली, त्याच्या पुढची घेतली. सर रंगात आले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या गालावर जरा रक्त दिसत होतं. मग तक्त्याच्या कोपऱ्यातली शेवटची आकृती आली, आणि काकूंचा हात कागदावरच राहिला. ही आकृती पेटीतल्या गोगलगायीची नव्हती. चिमटानं आणून दिलेल्या कुपीवरून काढलेली होती.

"वेढे?"

"साडेतीन."

"रंग?"

"फिकट."

"ओठ?"

"नाही. कड पातळ आहे. नखासारखी."

"पिल्लू. याच्यात वेळ कशाला घालवतेस?"

इथं थांबता आलं असतं. बरं, असं म्हणून कागद गुंडाळता आला असता. पण काकूंच्या पोटात इतकी वर्षं एक राग बसलेला होता. तो सरांवर होता, स्वतःवर होता, त्या कुपीवर होता, आणि रोज संध्याकाळी त्या खणावर ठेवल्या जाणाऱ्या हातावरही होता. तो एकदम वर आला.

"कुणीतरी याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलंय," त्या म्हणाल्या.

सर मोठ्यानं हसले. "कोण गाढव ते? पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल, ओठ नाही म्हणजे..."

हसू तिथंच अडकलं. त्यांची मान हळूहळू काकूंच्या बाजूला वळली.

"पट्टा आहे?"

"आहे."

"एकच?"

"एकच."

"वरच्या अंगाला?"

काकूंनी हो म्हटलं. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं वळली होती आणि ओठ पांढरे पडले होते. काकू उठून धावल्या, पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लावला. तो त्यांनी घेतला नाही. डॉक्टरांचं बजावणं काकूंना आत्ता आठवलं. सरांचा श्वास चालू होता, एवढंच बघत त्या उभ्या राहिल्या.

मग सर म्हणाले, "तिनं सांगितलं होतं."

"हो."

"मी हसलो."

"मीही हसले. वर गप्प बस म्हणाले."

"तिच्या रक्तात मला एका नजरेत दिसलं," सर म्हणाले. "सगळ्या कोवळ्या, म्हणालो. डॉक्टरच्या आधी म्हणालो. आणि हे..." काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उगाच समजूत घालायची त्यांना इच्छा झाली नाही, आणि समजूत घालण्यासारखं काही नव्हतंही.

सर संग्रहालयात जायचे थांबले. जेवणावरची वासना गेली. पडून राहायचे, छताकडं तोंड करून, डोळे उघडे ठेवून. काकूंना वाटलं, आता हे संपलं. मग एक दिवस ते उठून बसले आणि म्हणाले, "चिमटाला बोलाव. कागद घेऊन."

चिमटा आली, खाटेशेजारी स्टूल ओढून बसली. ती काही बोलायच्या आतच सरांनी सांगायला सुरुवात केली. आवाज जुना, वर्गातला. मूळ नमुना अपूर्ण वाढीचा. नाव रद्द. मग म्हणाले, "आता पुढचं वाक्य जसंच्या तसं लिही. 'नमुना अपूर्ण वाढीचा असल्याचे तो गोळा करणाऱ्या व्यक्तीने त्याच वेळी लेखकास सांगितले होते. लेखकाने ते ऐकले नाही.'"

चिमटाचं पेन थांबलं. "सर, 'ऐकले नाही' असं कुणी छापत नाही. मी 'दुर्लक्ष झाले' करू का?"

"दुर्लक्ष झालं नव्हतं. तिनं दोनदा सांगितलं होतं."

"बरं." ती खाली बघून म्हणाली. "पण व्यक्ती म्हणून चालत नाही, सर. सांगणाऱ्याचं नाव द्यावं लागतं."

"मग दे. शाळेतलं दे, पूर्ण. मणी नको."

शाळेतलं नाव काकूंनी सांगितलं. एवढ्या वर्षांत त्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. हजेरीला ओरडतात तसं ते काकूंच्या तोंडून जरा मोठ्यानंच आलं, आणि मग त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि ओट्याला धरून रडल्या.

लेख छापून आला. चिमटानं वाचून दाखवला, सरांनी मान हलवली. कुपीची जागा बदलणं भाग होतं. भिंतीवरच्या गोगलगायींचा खण सगळ्यात खाली, जमिनीलगत होता. सरांनी हट्ट धरला म्हणून काकू त्यांना एकदा तिकडं घेऊन गेल्या. कपाटापाशी सर वाकू लागले, अर्ध्यावर आले आणि तिथंच धापा टाकत थांबले. हात खणापर्यंत पोचेना. चिमटा म्हणाली, मी वर ठेवते कुपी, कोण बघतंय? सर म्हणाले, "नको. जिथली तिथं असू दे." त्यानंतर ते त्या खोलीत कधी गेले नाहीत.

आता ते दिवसभर मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. दिवसेंदिवस बारीक होत चालले होते. एका संध्याकाळी काकू सवयीनं कोबीच्या वाफ्यात वाकल्या होत्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"मीठ टाकतेस?"

"पानं खाऊन टाकतायत मेल्या."

"केव्हापासून टाकतेस गं तू मीठ?"

काकू उत्तर देणार होत्या, आणि आपण कशावर मीठ टाकत आलो ते त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच, मुठीत मीठ घेऊन, सरांकडं बघत उभ्या राहिल्या. पहिल्यांदा टाकलं तेव्हा मणी शाळेत जायला लागली होती. डबा काढला की ती घरात पळून जायची. तिच्यामागून किती वर्षं, किती वाफे, किती चिमटी झाल्या. मोठ्या, लहान, मण्याएवढ्या, सगळ्यांवर.

"मणी होती तेव्हापासून," त्या म्हणाल्या.

सरांनी तळहात पुढं केला. काकूंनी मूठ वाफ्याबाहेर झटकली, हात लुगड्याला चार वेळा पुसला आणि पानाखालची एक छोटी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. आधी ती शंखात मिटून बसली. मग हळूच बाहेर आली आणि मनगटाकडं सरकू लागली. सर अगदी हलले नाहीत.

"ओठ आलाय?"

काकूंनी वाकून, डोळे बारीक करून नीट बघितलं.

"नाही अजून."

"मग राहू दे," सर म्हणाले, आणि हात तसाच धरून बसले.